मूल्यांकन

बँकेचा माणूस टेप घेऊन आला.
पुढून बावीस, खोल चाळीस,
स्लॅब जुना, वायरिंग बरं,
बोअर? होता.
मग भिंतीवर बसलेल्या तुरेवाल्याकडे बघून
त्याचं पेन थांबलं.
"हे तुमचं?"
"शेजारचं."
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
त्यानं समासात काहीतरी लिहिलं,
मला चष्म्यातूनही दिसू नये
इतक्या बारीक अक्षरात.

गुरुसिद्ध एजंटाला दिसलं.
"दोन लाख पडलालेत बे खाली.
गिऱ्हाईक फोटोत टाइल्स बघतंय,
दारात आलं की पैलं कोंबडं ऐकतंय."

सात कोंबड्या, एक कोंबडा.
रात्री मी हिशेब केला: नग पंचवीस हजार.
म्हणजे माझ्या भिंतीवरून
रोज दोन लाख रुपये चालत जातात,
कूलरच्या जुन्या गवतात पाय खरडतात,
मान वाकडी करून
मिरीएवढ्या डोळ्यानं माझ्याकडे बघतात.

मुलीला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय.
तिथं कबुतरांनाही जाळी आहे.

नरसव्वा म्याकल उंबऱ्यात बसलेली,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हातात कात्री.
म्हटलं, आठ दिवस बहिणीकडे पाठवा.
"कुणाला? मला का त्यांना?"
मी रेट म्हणालो. मार्केट म्हणालो.
"रेट," ती म्हणाली, दोरा दातानं तोडत,
"मी आले तवा इथं बाभळी होत्या.
तू पोटात होतास तवा
तुझ्या आईला अंडी कुणाची?
तुझ्या हाडात माझ्या कोंबड्या किती टक्के,
लिवलं का त्या बँकवाल्यानं?"
मी गप्प.
"नळ पाच दिवसानं येतंय. अंडं रोज येतंय.
जा, सांग तुझ्या मार्केटला."

तरी रविवारी, न सांगता,
तिनं सगळ्यांना गंपाखाली घातलं.
वर नवऱ्यानं मागावर विणलेली चादर टाकली,
दुहेरी घडी करून,
म्हणजे आत रात्र.

निवृत्त ओव्हरसियर वाले आले,
बायको आली, पुण्याहून मुलगा मोबाइलात आला.
मागच्या अंगणात उभे राहिले.
चिटपाखरू नाही.
आणि त्या शांततेतून
एकेक करून सगळं बाहेर आलं:
तिसऱ्या घरातले चार माग, खटक खटक खटक,
गटारीचं बुळबुळ बोलणं,
कुणाचा तरी जुना, न संपणारा खोकला.
"हा आवाज कायमचाच का?"
कोणता, असं मी विचारणार होतो.
बेचाळीस वर्षं इथं राहून
मी तो ऐकलाच नव्हता.
वर कोंबडा असायचा.

चादरीखालून कुणीतरी हळूच
घसा साफ केल्यासारखं केलं,
मीटिंगमध्ये करतात तसं.

"तीन लाख कमी करा," वाले म्हणाले.
गुरुसिद्धनं माझ्याकडे बघितलं.
मी चादरीकडे.

ते गेल्यावर नरसव्वानं घडी उचलली.
दुपारचा दीड, डांबर वितळायचं ऊन,
आणि कोंबडा बाहेर येऊन
जगात पहिल्यांदाच उजाडल्यासारखा आरवला.
माग बुडाले. खोकला बुडाला.
समोरच्या बाईनं उगाच घड्याळ बघितलं.

त्यानंतर दोघं येऊन गेले.
एक तर वास्तूचं बोलला, कोंबड्यांचं नाहीच.

आज मीटरच्या पेटीत अंडं सापडलं, अजून कोमट.
भिंत माझी, कोंबडी तिची, पेटी वीज कंपनीची.
मी ते खिशात घालून
बराच वेळ गेटपाशी उभा राहिलो.
पाटी अजून तिथंच आहे: घर विकणे आहे.
खाली तिच्या नातवानं खडूनं लिहिलंय:
अंडी पण.