धुरा

अकोल्याच्या शकीलभाईनं पिशवीत मासे सोडताना विचारलं,
"गावचं पाणी कसं आहे?"
खारपाण, म्हटलं. डाळ शिजत नाही,
आंघोळ केली की अंगावर पांढरं उमटतं.
तो खूश झाला. "मग ह्यांना मानवेल."
आमच्या पाण्याचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी, बोटाएवढी.
इंग्रजीत त्यांचं नावच कैदी.
टाकीत आधीपासून मोलींचं बिऱ्हाड, दोन गुरामी
आणि काच चाटणारा एक मुका सकर.
तीन फुटांची टाकी. सगळ्यांना पुरेल, असं वाटलं.
मी भूकरमापक. वाटण्याचा पगार मला मिळत नाही,
तरी वाटलं.

पंधरा दिवसांत त्यांनी फुटक्या माठाचं खापर धरलं.
मग खापराभोवतीची वीतभर वाळू.
मग अर्धी टाकी.
मोली फिल्टरच्या नळीमागं दाटीवाटीनं.
एका गुरामीची मिशी तुटली.
श्रावस्ती काचेला नाक लावून म्हणाली,
"बाबा, रेघ कुठंय? मला दिसत नाही,
त्यांना बरोबर दिसते."

त्याच आठवड्यात गट नंबर एकशे चौदाची मोजणी.
उकर्डा आणि तुळशीराम, एका आईचे,
धुऱ्याच्या दोन बाजूंना;
मधे माझं यंत्र, तीन पायांवर.
"सायेब, दोन तास सरकोले यानं."
"मी कायले सरकोतो? तुयाच ट्रॅक्टरनं खाल्ला धुरा!"
धुऱ्यावर एक बोर, लाल बोरांनी वाकलेली.
मोजणी होईपर्यंत कुणी तोडत नव्हतं,
खाली सडा पडला होता.
खुणेचा दगड सापडला नाही. तो सहसा सापडत नाही.
मी चुना टाकला. रेघ सरळ आली.
दोघांनाही ती वाकडी दिसली.

संध्याकाळी शकीलभाईला फोन केला.
"सगळे दगड एकदम हलवा. रात्री, दिवा बंद करून.
सकाळी उठले की सगळेच गावात नवीन."
बाही सरसावून हात घातला.
खापर डावीकडं, दगड उजवीकडं, झाडं मधोमध.
अंधारात मादीनं करंगळीला धडक दिली.
ती बोटाएवढी, मी अख्खा सरकारी माणूस,
हात मागं मीच घेतला.

तीन दिवस मोली टाकीभर फिरल्या.
चौथ्या दिवशी पुन्हा अर्धी टाकी,
फक्त बाजू बदललेली.
एकशे चौदात असे दगड हलवता आले असते,
तर ती बोर मी कुठं लावली असती?

मग मादीचं पोट नारिंगी झालं.
खापराच्या आत अंडी, राजगिऱ्याएवढी, चिकटून.
मग एक दिवस ती अंडी नव्हती,
वाळूवर धुरासारखं काहीतरी हलत होतं, त्याला डोळे होते.
मनातल्या कागदावर मी अतिक्रमण लिहिलं होतं.
ते खोडलं.
कब्जेदार सदरी तिचं नाव चढवलं.

काल रात्री अडीचला लाईन गेली.
पंपाची घरघर थांबली की मला जाग येते.
मोबाईलच्या उजेडात पाहिलं:
मोली, गुरामी, मुका सकर, पट्ट्यांचा नरसुद्धा,
सगळे वर, पाण्याच्या सायीला तोंडं लावून,
उकाड्यात लाईन गेली की आमची आळी ओट्यावर येते तसे.
कुणी कुणाला हाकलत नव्हतं.

ती तेवढी खाली.
खापराच्या तोंडाशी, पंख हलवत,
पिल्लांच्या अंगावरून पाणी सरकवत.

मी तांब्या घेतला.
पाणी उचललं, उंचावरून सोडलं.
उचललं, सोडलं.
श्रावस्ती झोपेतच म्हणाली, कोण भांडी घासतंय?
नकाशाची क प्रत टेबलावर पडून होती,
दोघांपैकी एकानंही सही केली नव्हती.
उचललं, सोडलं.