बाजू ब

रेनफर्डमामा गन हिल रोडवरच्या गहाणाच्या दुकानात
एकतीस वर्षं सोनं पारखतोय.
साखळी दगडावर घासतो, आम्लाचा थेंब सोडतो,
आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता सांगतो :
दहा कॅरेट. कडी पितळेची.
त्यामुळे सुवर्णयुग हा शब्द निघाला
की शेवटचं मत आपलं, असं तो धरूनच चालतो.

शहाऐंशी ते अठ्ठ्याऐंशी.
पुढचा सगळा मुलामा.

वरच्या मजल्यावरचे ऑस्बर्न, वय पंचाहत्तर,
जिन्यातून ओरडतात : अरे, रेकॉर्डवर आलं तेव्हाच मेलं ते!
खरं होतं बागेत,
दिव्याच्या खांबातून चोरलेल्या विजेवर,
आणि खांब विझला की घरी.
तू तर तेव्हा नाक पुसत होतास.
मामा यावर काही बोलत नाही.
त्यांच्यापुढे तोच मुलाम्याचा.

माझं म्हणाल तर शहाण्णव.
चौदा वर्षांचा होतो, बसच्या मागच्या सीटवर,
एक कान माझा, एक कान डेझमंडचा,
मधे ताणलेली वायर.
ते युग थोर होतं की ती वायर,
हे मी अजून ठरवलेलं नाही.

आणि माझी केझिया, सतरा वर्षांची :
तुमच्या सोन्याच्या काळात बायका कुठे होत्या हो?
मामा दोन नावं सांगतो. मग तिसरं आठवत बसतो.
ती फ्रिज उघडते, बंद करते.
तिच्या शाळेतली अकरा वर्षांची पोरं
तिच्या गाण्यांना जुनी म्हणतात,
हे ती आम्हाला सांगत नाही. मला तिच्या आईकडून कळलं.

मार्चमध्ये मामाच्या वाढदिवसाला
तिने त्याची नव्वद मिनिटांची कॅसेट मागून नेली.
शहाऐंशीची. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून,
रात्री एकला, श्वास धरून भरलेली.
तीन आठवडे बसून तिने ती धुऊन काढली,
खरखर गेली, घरघर गेली,
ड्रम असा, जणू आत्ता कुणी टेबलावर मूठ आपटली.

रविवारी जेवायच्या आधी लावली.
मामा डोळे मिटून. ओठ हलतायत, एक शब्द चुकत नाही.
ऑस्बर्नसुद्धा दारात थांबले.
ब बाजू सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील,
मामाने बोट वर केलं : आता ती येते.

ती आली नाही.
गाणं नुसतं पुढे गेलं, स्वच्छ.

कोण येते? केझियाने विचारलं.
आई, मामा म्हणाला.
इथे ती स्वयंपाकघरातून ओरडते ना.

आजीला जाऊन बावीस वर्षं झाली.
तिचा आवाज दुसरा कुठे आहे असं आम्हाला माहीत नव्हतं,
इथे आहे हेही नव्हतं.
मामाने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

केझियाचा चेहरा उतरला.
मग तिने फोनमध्ये खूप खाली, खूप खाली जाऊन
एक फाइल काढली. पुसलेलं सगळं
तिने वेगळं ठेवलं होतं. कचरा या नावाने.

त्यात गाणं नव्हतंच.
नुसती सरसर, वरून जाणारी पाच नंबरची गाडी,
खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि एक थकलेली जमैकन बाई, नाइट ड्यूटीवरून आलेली :
रेनफर्ड, बंद कर तो भोंगा. भात निवतोय.

मामाने तीनदा लावायला सांगितलं.
चौथ्यांदा केझियाने न विचारता लावलं,
आणि बोटांनी टेबलावर हलकेच ठेका धरला.
ऐक, ती म्हणाली, निवतोय कशी म्हणते बघ,
ठेक्याच्या जरा मागे.

मामाने मान तिरकी केली,
दुकानात भिंगातून बघताना करतो तशी.
बराच वेळ.
मग म्हणाला, हो. जरा मागेच.

ऑस्बर्न म्हणाले, माणसांनो, जेवायचं का?