चौकटींची वही

पहिल्या महिन्याची नोंद माझ्या अक्षरात आहे:
अठरा युरो, आणि अर्धं मेंढीचं चीज.
चीज कुठल्या रकान्यात धरायचं
यावरून आम्ही रात्री भांडलो.
आदेरितो म्हणाला, खाल्लं ते धरायचं नाही.
मी म्हटलं, खाल्लं म्हणून तर धरायचं,
नाहीतर विकत आणलं असतं की मी.

कोविल्यातली घरं उताराला टेकलेली,
पुढून तळघर ते मागून पहिला मजला.
आमच्या तळघरात पूर्वी कोळसा होता.
आता तिथे शिलाई मशीनं.
बंद पडलेल्या गिरण्यांतल्या बायका
निवृत्त झाल्या, पण मशीनं घरी चालूच होती;
त्यातलं एकेक अडलं की
दोना ओदेत दारात उभी: बाबा रे, ही टाके गाळते.

दिवसा तो रंगखात्यात.
एकवीस वर्षं उकळत्या लोकरीच्या वाफेत.
त्या आठवड्याची ऑर्डर काय
ते मी त्याच्या नखांवरून सांगायचे.
दारूच्या गाळासारखा लाल असला
तर स्पेनचे कोट.

अट माझी होती.
हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही.
सलग सहा महिने तळघरानं
पगाराशी बरोबरी केली, तर आणि तरच.
मी वहीत लाल रेघ ओढली,
इतकी वर, की तो हसला.

एप्रिल: त्रेसष्ट आणि एक कोंबडी.
मे: काही नाही. त्याची पाठ धरली होती.
ऑगस्ट: तीनशे दहा.
ऑगस्टात फ्रान्सला गेलेले सगळे गावी येतात,
डिकीत ल्योंची बिघडलेली मशीनं घालून,
कारण तिथला कारागीर
नुसतं बघायचे चाळीस घेतो.
सप्टेंबर: पुन्हा सत्तर. रेघ होती तिथेच.

दुसऱ्या वर्षी फुंदांवच्या एका बाईनं
शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना काढला.
अकरा मशीनं, एक आड एक शनिवार.
त्यानं गिरणीत आठवड्याचे चार दिवस मागितले.
साहेब म्हणाला, बघू,
आणि तीन महिने बघत राहिला.

एक रकाना मी आखला, त्याला नाव घातलं नाही.
त्यात आकडे नाहीत, उभ्या काड्या आहेत.
एक काडी म्हणजे
तो जेवणावर न आलेला रविवार.
वाल्देमार एकदा विचारत होता,
आई, हे किती पैसे?

सहावा महिना ऑक्टोबरात भरला.
मी वही त्याच्या ताटाशेजारी ठेवली.
बोटानं एकेक आकडा वाचला त्यानं,
बिलं तपासावीत तसा,
आणि सोमवारी डबा घेऊन गिरणीत गेला.
मंगळवारीही.
नोव्हेंबर गेला. नाताळ गेला.
मी अट घालणारी, मला विचारता येईना
की अट पुरी झाल्यावर माणूस थांबतो का.
एका रात्री जिन्यावरून त्याचा आवाज आला,
माझ्याशी की मशीनशी, कळलं नाही:
तिथं रंग चुकला तर गिरणीचा चुकतो.
इथं टाका चुकला
तर माझं नाव घेऊन चुकणार.

फेब्रुवारीत सोडली.
केक नव्हता. फोरमननं हात मिळवला
आणि लॉकरची किल्ली मागितली.
नखांचा निळा जायला सात आठवडे लागले.
नंतर ब्रेडच्या टोपलीत आलेला तो हात
मला क्षणभर पाहुण्याचा वाटला.

पहाटे पाच-दहाला अजून उठतो.
बूट घालतो, अठरा पायऱ्या उतरतो.

मार्च: पगारापेक्षा बावन्न कमी.
मी आकडा लिहिला, लाल रेघेच्या खाली,
आणि वही घेऊन तळघरात गेले.
तो ओदेतच्या मशीनला कान लावून बसला होता.
मी म्हटलं, आदेरितो, हे बघ.
त्यानं हात वर केला:
थांब, बेल्मीरा.
आत कुठेतरी वाजतंय.