मळीचं वजन

सोहारहून पश्चिमेला, वादी जिझ्झीच्या काठावर
एक काळी टेकडी आहे. टेकडी म्हणजे मळी.
तांबं उतरून गेल्यावर भट्टीनं जे थुंकलं, ते.
हजारभर वर्षं कुणी उचललं नाही,
उचलून करणार काय?

मी दोरीनं चौकोन आखते, पाच बाय पाच मीटर.
चौकोनातली मळी तराजूवर.
बादली, आकडा. बादली, आकडा.
अकराला ऊन असं उभं राहतं
की पोलादी टेप हातात धरवत नाही.
पहारेकरी हमदान बिन सुवैद तेव्हा थर्मास उघडतो,
वेलदोड्याची कॉफी, दोन खजूर,
आणि रोजचाच प्रश्न:
तुमच्या देशात कचऱ्याला इतका मान असतो?

मी सांगते, माझा बाप तांबट.
त्याच्या ठोक्यावर आम्ही पाढे म्हणायचो,
सात एके सात, ठण्,
सात दुणे चौदा, ठण्.
घंगाळाच्या अंगभर ठोके, एकाला एक लागून,
आणि सही कुठेच नाही.
तांबं येतं कुठून, मी एकदा विचारलं होतं.
"बोहरी आळीतून," तो म्हणाला, मान वर न करता.

भट्टीच्या भिंतीचा एक तुकडा मिळाला काल.
तडा गेलेला, ओल्या मातीनं घाईत लिंपलेला.
काम थांबवायचं नव्हतं कुणाला तरी.
कोळशावरून कळतं, बाभळी जाळल्या.
आज वादीत बाभळी अकरा. मी मोजल्या.

मंगळवारी बुलडोझर आला.
रस्त्याच्या भरावाला मळी चांगली: टणक, आणि फुकट.
गुलबदिननं इंजिन बंद करून कागद दाखवला.
कागद आमच्याकडेही होता,
तारीख त्याच्या नंतरची.
फोन झाले. गुरुवारपर्यंत मुदत मिळाली.

तोवर त्याला काम नव्हतं, म्हणून
टेपचं दुसरं टोक त्यानं धरलं.
बोगद्याच्या तोंडाशी ओणवा होऊन बघत राहिला.
तोंड सुपाएवढं.
"यात माणूस मावायचा?"
मी म्हटलं, पोरं असतील.
तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
भाऊ माझा कोळशाच्या खाणीत आहे.
असाच जातो. आडवा.

गुरुवारी संध्याकाळी एकोणीस चौकोन उरले होते.
शनिवारी तेही नव्हते.
गुलबदिन माझ्याकडे बघायचं टाळत होता
आणि मी त्याच्याकडे.

नोंदवहीत त्या एकोणिसांपुढे
रेघ मारायची पद्धत आहे.
मी मारली नाही. वजनाचा रकाना रिकामा ठेवला,
आणि "सध्याचा ठिकाणा" खाली लिहिलं:
बुरैमीचा रस्ता, डांबराखाली, सुमारे दोनशे मीटर.

हमदान त्या तुकड्यावर गाडी हळू घेतो.
खड्डा नाही तिथे, वळणही नाही.
मागचे हॉर्न वाजवतात.