तंगूस

दिवाळे कोळीवाड्याच्या जेटीवर
जोमा मला तंगूस पारखायला शिकवतो:
नखावरून ओढ. खरखरला तर गेला.
काचेसारखा होता,
उन्हानं मोतीबिंदू झालाय त्याला.

आज्याची दोरी सुताची होती,
ऐनाच्या सालीत उकळलेली.
ओली राहिली की कुजायची,
पण वासानं आधी सांगायची.
हा बोलत नाही.
जिताडा लागला की मगच कळतं.

म्हणून गोड्या पाण्यात धू, सावलीत वाळव,
सैल गुंडाळ.
घट्ट आवळलास तर वेटोळं लक्षात ठेवतो.

खाटेखाली, तांदळाच्या जुन्या डब्यात,
अंधारात सहा रिळं.
सातवं हिरवं, धाकट्या भावाचं.
तो आता उलव्याला रात्रपाळी करतो.

दर शिमग्याला जोमा ते काढतो,
हातभर उलगडतो, नखावर धरतो
आणि ओढत नाही.