निळा क्रमांक चौदा

हडर्सफील्डला, कालव्याकडेच्या जुन्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
भिंती राखाडी, ओटा राखाडी,
अंगात घालायचा कोटही राखाडीच,
माझा कुठलाच रंग कापडावर सांडू नये म्हणून.
मधोमध एक पेटी, तिला तीन बटणं:
दुपारचा उजेड, दुकानातला उजेड, घरच्या दिव्याचा.
पहिल्यात जुळी दिसणारी दोन कापडं
तिसऱ्यात सावत्र निघतात.
मी त्यांची भांडणं मिटवते. पगार बरा आहे.

काल लंडनहून माणसं आली होती,
चाळीस पानांचा अहवाल घेऊन.
लाल भूक चाळवतो, पिवळा घाई करतो,
काळा किंमत वाढवतो
(हे मात्र खरं, मी पावत्या पाहिल्यात)
आणि आपला हा निळा, क्रमांक चौदा,
कोटांचा, पिशव्यांचा, दारावरच्या पाटीचा,
हा म्हणे विश्वास.
गिऱ्हाईक त्याच्यासमोर सात सेकंद जास्त थांबतं.
सातच का, कुणी विचारलं नाही.
मी बिस्कीट चहात बुडवून विसरले होते.

विल्फ आर्मिटेज. नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवणारा
इथला शेवटचा माणूस. चौदा त्याने शिजवला.
मालक म्हणाले होते, निळा हवा. बस्स, एवढंच.
तो चिमूट चिमूट घालत गेला,
खिडकीशी नेऊन बघत गेला,
अजून मळका, अजून मळका,
आणि दिवेलागणीला म्हणाला,
हां, आता झाला निळा.

पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्याचं.
पट्टी सुटल्यावर आठवड्याने आला,
माझ्या पेटीत डोकावला आणि मागेच सरला.
"हा असा ओरडतोय कशाला?"
मग बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.
"अगं, मी सगळं जग चहातून गाळून बघत होतो.
ते पिवळं मारायला निळं ओतत होतो.
कुणाला सांगू नकोस."

काल अगदी तोंडाशी आलं होतं.
तेवढ्यात माझ्यापुढे एक कोरा रकाना सरकला:
नव्या हंगामासाठी चौदाला नाव सुचवा.
मी म्हणाले, चिंतामणी.
आमच्या साताऱ्यात निळा कुणी मागतच नसे.
आई गादीवर टेकायची आणि म्हणायची,
हे नको, चिंतामणी दाखवा,
की वरच्या फळीवरून नेमकं तेच लुगडं खाली यायचं.
दोघांपैकी कुणीच अहवाल वाचलेला नव्हता.

अर्थ विचारला. म्हटलं, काळजी मिटवणारा मणी.
वा, म्हणाले, विश्वासाशी जुळतं.
मग टेबलाभोवती प्रत्येकाने एकेकदा
तोंडात घोळवून पाहिलं,
आणि ठरलं: हार्बर.
इथून समुद्र चांगला दोन तास लांब.

आज विल्फ भेटला, स्टेशनसमोरच्या चौकात.
सुट्टीचा दिवस, थंडी, सगळीकडे आमचे कोट.
डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून म्हणाला,
"बघ, माझा मोतीबिंदू चाललाय, बटणं लावून."
मी हसले. तो नाही हसला.

एक मुलगी थांबली, चौदाच्या कोटातली,
बुटाची नाडी सुटलेली,
ओळख ना पाळख,
हातातली पिशवी सरळ त्याच्याकडे दिली: जरा धरता?
तीही चौदाच.
त्याने ती दोन्ही हातांनी धरली,
अंगापासून थोडी लांब,
ओला नमुना धरतात तशी.