भूरो म्हणजे कोणता

मकरपुऱ्यात, आमच्या पंपांच्या ऑफिसात
गेल्या मंगळवारी एक ऑर्डर चुकली
ती एका रंगापायी.
दुष्यंतभाई फोनवर म्हणाले, भूरो लगावी दो.
राठौरजी रतलामचे, त्यांचा भूरा मातीचा.
त्यांनी तपकिरी लावला, आणि तपकिरी म्हणजे रद्द.
दुष्यंतभाईंचा भूरो आभाळाचा होता.
मला विचाराल तर भुरी आमची मांजर होती,
दांडिया बाजारातल्या घरी,
ना माती ना आभाळ.
अन् शाळेत बाई म्हणाल्या होत्या, पोपट लीलो,
तेव्हा मी तो निळा रंगवला होता. तिसरीत.

भरूचला जायचे चाळीस पंप
गोदामातच उभे राहिले, सुतळीत बांधलेले.

म्हणून हुकूम: सगळ्यांचे रंग एक.
सात नावं, सात रंग, एका फाइलीत,
फाइल सर्व्हरवर,
सोमवारी जो जो लॉगिन करेल
त्याच्या त्याच्या मेलमध्ये आपोआप.
तातडी लाल. पैसे आले हिरवा.
पैसे येणार पिवळा, हा फार लागतो.

शनिवारी ऑफिसात मी आणि पंखा.
नवं घालण्याआधी जुनं काढून ठेवावं,
एवढी शिस्त मला आहे.
बावीस मशिनींतून बावीस याद्या निघाल्या.
नयनाबेनची: सोमवारे, बुधवारे, भगवान जाणे.
राठौरजींची: सरदर्द, बडा सरदर्द.
कुणीतरी जांभळा रंग घेऊन नावाच्या जागी
नुसतं एक टिंब ठेवलं होतं. विचारलं नाही.
आणि चिटणीसकाकांच्या यादीत एकच शब्द:
थांबा.
राखाडी. अकराशे चाळीस मेल.
सगळ्यात जुनी दोन हजार अकराची,
डभोईकडच्या एका दूधमंडळीची:
वॉशर पाठवाल का, आधीचा झिजला.
काका येत्या मार्चात रिटायर होणार.

मी एंटर दाबलं.

एक गोष्ट वाचून माहीत होती, बघितली नव्हती:
यादीतून नाव काढलं तरी
पत्रावरचं नाव जात नाही.
रंग जातो.
अकराशे चाळीस पट्ट्या
पांढऱ्या पडत गेल्या खालपर्यंत,
आणि प्रत्येकीवर थांबा तसंच,
शर्ट विटला तरी कॉलरच्या आत
धोब्याची खूण राहते तसं.

सोमवारी काका आले, चष्मा पुसला, स्क्रीन पाहिली.
डबा काढून खणात ठेवला.
दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले,
"अगं, रंग उडाला. अक्षर आहे ना? चालशे."
चालेल नाही म्हणाले, चालशे.
घरचं माणूस बाजारच्या भाषेत माफ करतं
तेव्हा जरा जास्तच लागतं.

त्या संध्याकाळी मी फाइलीत आठवी ओळ घातली.
कुणाला विचारलं नाही.
थांबा, राखाडी.
काकांच्या पट्ट्या परत भरल्या. ते काही बोलले नाहीत,
मीही नाही.

बुधवारपर्यंत नयनाबेनकडे साठ.
राठौरजींनी दोन्ही सरदर्द त्यातच ओतले.
थांबा म्हणजे थोभो, अर्थ सांगावा लागला नाही.
रंगावरूनही भांडण नाही.
आमचा राखाडी, त्यांचा राखोडी,
राठौरजी स्लेटी म्हणतात पण बोट बरोबर ठेवतात.
सात रंगांची फाइल करायला मला चार दिवस लागले होते.

शुक्रवारी दुष्यंतभाईंच्या मशिनीला
नवा प्रिंटर जोडायला बसले.
इनबॉक्स उघडाच होता. मी बघत नव्हते,
डोळा जातो.
मी एप्रिलमध्ये पाठवलेली, पगाराबद्दलची,
चार ओळींची, दोनदा तपासलेली.
तिच्यावर राखाडी पट्टी,
माझ्याच हातची.

प्रिंटर जोडला. चाचणीचं पान काढलं.
सगळे रंग बरोबर आले.